विजेची विद्या आणि आपली मुले
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जरीपटका, नागपूर येथे झालेल्या समाजमेळाव्यातील भाषण)



शिक्षण समितीने ‘विद्युत अभियांत्रिकी : शिक्षण आणि करिअर’ हा विषय माझ्याकडे सोपविला, तेव्हा काहींना आश्चर्य वाटले असेल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. उभे आयुष्य कापडाच्या गाठी सोडण्यात आणि थान मोजण्यात गेले. अभियंता असल्याचा माझा दावा नाही. परंतु व्यापाऱ्याला एक सवय जडलेली असते. नवा माल दुकानात घेण्यापूर्वी तो कोठे तयार होतो, त्याला मागणी किती, ती टिकेल किती आणि भांडवल किती गुंतेल, याची तो चौकशी करतो. आपल्या मुलांच्या शिक्षणाबाबत मात्र आपण ही चौकशी क्वचितच करतो. ‘शेजारच्याच्या मुलाने घेतले म्हणून’ एवढ्यावर चार वर्षांचा आणि लाखो रुपयांचा निर्णय होतो. आज मी विजेच्या क्षेत्राची तीच व्यापारी चौकशी आपणापुढे मांडणार आहे.

आपल्या समाजातील मुलांसमोर आज प्रामुख्याने दोन दारे उघडी दिसतात. एक पेढीचे, म्हणजे वाणिज्य, सी.ए. आणि घरचा व्यवसाय. दुसरे संगणकाचे. दोन्ही दारे चांगली आहेत. परंतु एकाच दारातून सगळे शिरू लागले की गर्दी होते आणि गर्दीत भाव पडतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जरीपटक्याहून उत्तरेकडे निघालो की थोड्याच अंतरावर कोराडीच्या विद्युत केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. त्या आपण लहानपणापासून पाहत आलो. त्यांच्याकडे नेणारे तिसरे दार मात्र आपल्या नजरेत भरले नाही.

कापड आणि वीज यांचे नाते आपण समजतो त्याहून जुने आहे आणि त्याचा एक धागा नागपुरातूनच निघतो. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस जवळ आणि रेल्वे दाराशी, असा त्यांचा हिशेब होता. गिरणी चालविता चालविता त्यांच्या ध्यानात आले की, कापडाच्या धंद्याचे अर्धे गणित कापसात असेल तर उरलेले यंत्र चालविणाऱ्या शक्तीत आहे. मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालत. सह्याद्रीत पडणारे पाणी अडवून त्यापासून वीज करावी आणि ती गिरण्यांना पुरवावी, हा विचार त्यांनी मनात धरला. १९०४ साली त्यांचे निधन झाले. पुढे १९१० मध्ये टाटा जलविद्युत कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला मिळू लागली. त्यांच्याच संकल्पातून १९०९ साली बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था उभी राहिली आणि तिथे अगदी आरंभी सुरू झालेल्या विभागांत विद्युत तंत्रविद्येचा विभाग होता. आधी गिरणी, मग वीज आणि तिच्या जोडीला शिक्षणसंस्था, असा हा क्रम आहे. व्यापाऱ्याची दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

आपल्या समाजातही हा वारसा आहे. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी पिढीजात व्यापाराच्या चौकटीबाहेर पाऊल टाकून जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा पाया घातला. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले, ते आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र महाराष्ट्राला दिला. हाताने काम करण्यात कमीपणा नाही, ही शिकवण आपल्याच घरातली आहे.

आता नागपूरचा विचार करू. विजेच्या बाबतीत आपण बाजारपेठेच्या मध्यभागी बसलो आहोत. विदर्भात कोळसा आहे, म्हणून येथे औष्णिक केंद्रे आली. कोराडीचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. २०१५ ते २०१७ या काळात तेथे प्रत्येकी ६६० मेगावॅटचे तीन नवे संच कार्यान्वित झाले. शेजारी खापरखेडा १,३४० मेगावॅटचे, मौद्याचे एन.टी.पी.सी.चे केंद्र २,३२० मेगावॅटचे आणि दक्षिणेस चंद्रपूर २,९२० मेगावॅटचे. एवढी वीज येथे तयार होते आणि तिचे मोठे गिऱ्हाईक बसले आहे मुंबई-पुण्याकडे.

मग हा माल तिकडे जातो कसा? तारेतून प्रवाह जाताना तार तापते आणि काही वीज वाया जाते. प्रवाह दुप्पट झाला तर ही घट चौपट होते. उलट, दाब दुप्पट केला तर तेवढीच वीज अर्ध्या प्रवाहात जाते आणि घट चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून वीज दूर पाठवायची तर दाब वाढवून पाठवितात आणि गिऱ्हाइकाच्या गावी तो उतरवितात. चंद्रपूरहून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ साली सुरू झाली. तिचा दाब पाच लाख व्होल्ट आणि क्षमता १,५०० मेगावॅट. ही वाहिनी, तिची दोन्ही टोकांची उपकेंद्रे आणि त्यांतील संरक्षक यंत्रणा सांभाळणे हे विद्युत अभियंत्याचे काम आहे.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले. विद्युत कायदा २००३ नुसार ६ जून २००५ रोजी त्याचे विभाजन होऊन निर्मितीसाठी महानिर्मिती, वहनासाठी महापारेषण आणि वितरणासाठी महावितरण अशा कंपन्या झाल्या. विद्यार्थ्यांनी ही तीन नावे लक्षात ठेवावीत, कारण या क्षेत्रातील नोकऱ्यांचेही साधारण हेच तीन भाग पडतात. चौथा भाग विजेच्या वापराचा. त्यात कारखाने, रेल्वे, मेट्रो, रुग्णालये, इमारती आणि आपली दुकाने, सगळे काही येते.

आता शिक्षणाच्या पायऱ्या पाहू. त्या तीन आहेत.

पहिली पायरी आय.टी.आय.ची. दहावीनंतर वीजतंत्री किंवा तारतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन, हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. नागपुरात श्रद्धानंदपेठेत शासकीय आय.टी.आय. आहे. दुसरी पायरी पदविकेची, म्हणजे पॉलिटेक्निकची. दहावीच्या गुणांवर प्रवेश आणि तीन वर्षांचा अभ्यास. सदरजवळचे आपले शासकीय तंत्रनिकेतन विदर्भातील जुन्या आणि नामांकित संस्थांपैकी आहे. पदविका उत्तम गुणांनी पूर्ण करणाऱ्यास पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, ही गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. तिसरी पायरी पदवीची. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा किंवा जे.ई.ई. द्यावी लागते. १९६० साली प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झालेली आणि २००२ पासून राष्ट्रीय संस्थेचा दर्जा असलेली विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था, म्हणजे व्ही.एन.आय.टी., आपल्याच शहरात आहे. तेथील निम्म्या जागा महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी असतात. देशभरातून मुले जेथे येण्यासाठी धडपडतात तेथे आपली मुले घरचा डबा घेऊन जाऊ शकतात. वीजकेंद्रांच्या संचालनाचे खास प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्थाही नागपुरात, गोपालनगर भागात आहे.

ही शाखा कोणाला मानवेल? ज्याला गणिताची भीती नाही आणि जो घरातला पंखा बंद पडला की खाली बसून विचार करतो, त्याला. पहिल्या वर्षी गणित आणि भौतिकशास्त्र, पुढे विद्युत मंडले, रोहित्रे म्हणजे ट्रान्सफॉर्मर, मोटारी, वीजप्रणाली, नियंत्रण आणि संरक्षण यांचा अभ्यास असतो. ज्यांना संगणकाची ओढ आहे त्यांनाही येथे वाव आहे. आजची उपकेंद्रे आणि मीटर संगणकाशी जोडलेले आहेत, आणि वीज व संगणक दोन्ही जाणणारा मनुष्य कोणालाही हवा असतो.

शिक्षणानंतरच्या वाटा अनेक आहेत. राज्याच्या तिन्ही वीज कंपन्यांत भरती होते. ‘गेट’ परीक्षेच्या गुणांवर केंद्राच्या काही कंपन्या अभियंते घेतात आणि त्याच गुणांवर एम.टेक.लाही प्रवेश मिळतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेत विद्युत ही स्वतंत्र शाखा आहे. रेल्वेचे विद्युत इंजिनांचे शेड आपल्या अजनीत आहे. २०१९ पासून नागपूर मेट्रो धावते आहे, तीही २५ हजार व्होल्टच्या तारेखाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेने घरांच्या छतांवर सौर पॅनेल येऊ लागली आणि ती बसविणारे, तपासणारे हात हवे झाले. जळगावच्या जैन उद्योगसमूहाने ठिबक सिंचनाच्या जोडीने सौर पंप शेतापर्यंत नेले, हेही उदाहरण आपल्यासमोर आहे.

शिवाय आपल्या रक्तात व्यापार आहे. विद्युत ठेकेदाराचा शासकीय परवाना, पॅनेलची जुळणी, मोटारींची दुरुस्ती, केबल आणि स्विचगिअरची विक्री हे सारे व्यवसायच आहेत. ज्याला मालाचे ज्ञान आहे आणि हिशेबही येतो, त्याला स्पर्धा कमी. कापडाच्या दुकानातले एक साधे उदाहरण देतो. गिऱ्हाईक साडी उचलून दाराशी, उजेडात नेऊन पाहते. कारण दिव्याखाली दिसतो तो रंग खरा नसतो. कोणता दिवा वस्तूचा रंग किती खरा दाखवितो, हे मोजण्याचे शास्त्र आहे आणि प्रकाशयोजना हा या विद्येचाच एक भाग आहे. आपल्या बाजारातील शंभर दुकानांना ही योजना नीट करून देणारा आपल्यातला एखादा तरुण का असू नये?

चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संगणक क्षेत्रातील मोठ्या कंपन्यांच्या मानाने येथील आरंभीचा पगार पुष्कळदा कमी असतो. काम नेहमी वातानुकूलित खोलीत नसते. मे महिन्यात उपकेंद्राच्या आवारात उभे राहावे लागते, पाळ्या कराव्या लागतात, सणाच्या दिवशी वीज गेली तर ताटावरून उठावे लागते. शासकीय भरती दरवर्षी होईलच असे नाही. लवकर नफा पाहणाऱ्याने येथे येऊ नये. परंतु हा माल फॅशनचा नाही. मोटारी विजेवर आल्या, रेल्वे विजेवर आली, आता शेतीचा पंप सूर्यावर चालू लागला. ज्या वस्तूची मागणी वाढतच जाणार, तिचे ज्ञान असलेल्याला घरी बसावे लागत नाही.

यापुढचा प्रश्न काही ज्येष्ठांनी मला खाजगीत विचारला आणि तो या व्यासपीठावर उघडपणे घेणे मला योग्य वाटते. ‘वीज हा अग्नीचाच प्रकार. श्रावकासाठी वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म येते. मग आपल्या मुलांनी या व्यवसायात जावे काय?’ वीज सचित्त की अचित्त याविषयी आपल्या परंपरांत मतभेद आहेत. काही साधू-साध्वी ध्वनिवर्धकही वापरत नाहीत, तर काही संप्रदायांत त्याला हरकत मानली जात नाही. त्याचा निर्णय देणे माझ्यासारख्या गृहस्थाचा अधिकार नाही. मला जे दिसते तेवढेच नम्रपणे सांगतो.

आपले शास्त्र कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन भेद सांगते. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि केलेल्यास संमती देणे. घरात, दुकानात बटण दाबणारे आपण सर्व करविणाऱ्यांत आहोतच. वीज वापरायची आणि वीज करणाऱ्यालाच तेवढे दोषी धरायचे, हा हिशेब जुळत नाही. गृहस्थाला उद्योगात घडणारी हिंसा पूर्ण टाळता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी यतना सांगितली आहे. प्रत्येक कृती जपून, कमीत कमी हानी होईल अशी करावी. आता पाहा, विजेच्या क्षेत्रात यतना कोण करू शकतो? ज्याला वीज कळते तोच.

अर्थिंग नीट करणे ही यतना आहे. गळती होताच क्षणार्धात प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे संरक्षक उपकरण घरात बसविणे ही यतना आहे. कापडाने भरलेल्या गोदामात जुनाट वायरिंगची एक ठिणगी काय करू शकते, हे आपल्या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या आगीत मालाबरोबर माणसेही सापडतात. कोराडी-खापरखेड्याच्या आसपासच्या गावांना राखेचा आणि धुराचा त्रास होतो, तोही खरा आहे. तो कमी करणारी यंत्रणा बसविण्याचा आग्रह धरणारा, कोळशाऐवजी सूर्याकडे वळविणारा अभियंता अहिंसेच्या संस्कारातून आलेला असेल तर त्यात धर्माची हानी आहे की सेवा, याचा आपणच विचार करावा.

अपरिग्रहालाही येथे स्थान आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला आणि २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. त्याची परीक्षा देऊन प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक होता येते. जसा सी.ए. पैशाचा हिशेब तपासतो, तसा हा विजेचा हिशेब तपासतो. एक लहान गणित करू. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट खातो, नवा बी.एल.डी.सी. पंखा सुमारे ३०. समजा, आपल्या एखाद्या सभागृहात ४० पंखे रोज १० तास चालतात. प्रत्येकी ४५ वॅट वाचले तर दिवसाला १८ युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तरी महिन्याला ४,३२० रुपये. तेवढ्या रकमेत एका गरजू विद्यार्थ्याच्या पुस्तकांची सोय होते आणि तेवढा कोळसाही जळायचा वाचतो. अनावश्यक ते न वापरणे, हे आपण प्रवचनात ऐकतो. विजेच्या बाबतीत ते युनिटमध्ये मोजून दाखविता येते, एवढाच फरक.

मुलींविषयी स्वतंत्रपणे बोलतो. ‘हे काम मुलींचे नाही’ हे वाक्य अजून कानी पडते. ए. ललिता या आंध्रातील कुटुंबात १९१९ साली जन्मल्या. लहान वयात विवाह झाला, अठराव्या वर्षी वैधव्य आले, पदरी तान्ही मुलगी होती. वडिलांनी साथ दिली आणि मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून त्या विद्युत अभियंता झाल्या. पुढे भाक्रा-नानगल प्रकल्पाच्या विद्युत वाहिन्यांच्या आराखड्यांवर त्यांनी काम केले. ही गोष्ट ऐंशी वर्षांपूर्वीची आहे. त्या काळी एका वडिलांना जे सुचले ते आज आपल्याला का सुचू नये? २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राज्य शासनाने वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय घटकांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. तसेच २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने जैन समाजास अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीच्या शिष्यवृत्तींचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून प्रवेशाआधीच त्यांची माहिती घेऊन कागदपत्रे तयार ठेवावीत. केवळ दाखला वेळेवर न काढल्याने हक्काची मदत हातची जाऊ नये.

आता मूळ मुद्द्यावर येतो. सुवर्णमहोत्सवी शिक्षण निधीचे नियम विश्वस्त मंडळास लवकरच ठरवायचे आहेत. साहाय्य फक्त पदवी अभ्यासक्रमांसाठी असावे, असा एक विचार पुढे आला आहे. माझी हात जोडून विनंती आहे की असे करू नये. ज्या घरात चार वर्षांचा खर्च झेपत नाही, त्या घरातील मुलगा आय.टी.आय. किंवा पदविकेलाच जातो. त्याला आपण वगळले तर निधी ज्यांच्यासाठी उभारला त्यांच्यापर्यंतच तो पोहोचणार नाही. माझ्या चार सूचना आहेत.

एक, आय.टी.आय., पदविका आणि पदवी या तिन्ही पायऱ्यांसाठी साहाय्य खुले असावे. दोन, हे साहाय्य बिनव्याजी परतफेडीचे असावे, म्हणजे आजचा विद्यार्थी उद्याच्या विद्यार्थ्याचा आधार होईल. तीन, ज्या समाजबांधवांचे कारखाने आहेत त्यांनी शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ अन्वये दरवर्षी एक-दोन मुलांना, मग ती कोणत्याही समाजाची असोत, कामावर घ्यावे. चार, आपली मंदिरे, स्थानके आणि धर्मशाळा यांच्या वायरिंगची आणि वीजवापराची तपासणी परवानाधारक व्यक्तीच्या देखरेखीखाली आपल्या विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी. त्यांना अनुभव मिळेल, वास्तू सुरक्षित होतील आणि बिल उतरेल.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हा ट्रस्ट उभा केला, त्यांच्यापैकी बहुतेक पेढीवर बसणारेच होते. त्यांनी पुढच्या पिढीला शाळेत पाठविले म्हणून माझ्यासारखा मनुष्य पदवीपर्यंत पोहोचला. आता एक पाऊल पुढे टाकण्याची पाळी आपली आहे. दहावीचा निकाल हातात घेऊन मूल समोर उभे राहील, तेव्हा ‘शेजारच्याने काय घेतले’ हे न विचारता ‘तुला काय करून पाहावेसे वाटते’ एवढे त्याला विचारा. त्याने विजेचे नाव घेतले तर घाबरू नका. त्याला चांगल्या संस्थेचा पत्ता द्या, आणि खर्चासाठी ट्रस्टचे दार दाखवा. ते दार उघडे ठेवणे विश्वस्तांच्या हाती आहे.



जयजिनेंद्र.